ई-सायकल घेताना आधी मागचं चाक बघा

दुकानात ई-सायकल दाखवताना विक्रेता तीन गोष्टी हमखास करतो. हँडलवरचा डिस्प्ले लावून दाखवतो, थ्रॉटल (पायडल न मारता मोटर चालवणारी मूठ) पिळायला लावतो आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते ते छातीठोकपणे सांगतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी दुय्यम आहेत. सायकल अडते ती मागच्या चाकापाशी. पंक्चर तिथेच जास्त, स्पोक तिथलेच तुटतात, मोटर तिथेच आणि पाणी शिरतं तेही तिथल्याच वायरीत. म्हणून हा आढावा मागच्या चाकाकडून पुढे जातो.

आढावा कुठल्या सायकलींचा, ते आधी सांगायला हवं. २५ ते ४५ हजार रुपयांतली, मागच्या चाकाच्या मध्यातच (हबमध्ये) बसवलेली २५० वॅटची गिअर्ड हब मोटर, ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, वजन २० ते २५ किलो. हिरो लेक्ट्रो घ्या, पुण्याची ईमोटोराड घ्या किंवा आणखी कुठली, या किमतीत गाभा जवळपास हाच असतो. फ्रेमचा रंग, स्टिकर आणि डिस्प्ले बदलतात. दीड-दोन लाखांच्या, पायडलजवळ मोटर असलेल्या मिड-ड्राइव्ह सायकली हा वेगळा विषय आहे. त्या चढाला फार सरस, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवायचं धाडस होत नाही.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची सलग अर्धा तास देता येणारी ताकद पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणून लायसन्स नको, नंबरप्लेट नको, आरटीओत खेप नको. मात्र ही सूट त्या मॉडेलला एआरएआय किंवा आयकॅटसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासून दिलेली असावी लागते. दुकानदाराकडे त्या प्रमाणपत्राची प्रत मागा. ‘पस्तीसचा स्पीड खोलून देतो, लायसन्स तरीही नको’ असं कोणी म्हणालं, तर तो तुम्हाला बिनानोंदणीची, बिनाविम्याची गाडी विकतोय. २५ च्या वर गेलेली ई-सायकल कागदोपत्री सायकल राहत नाही आणि अपघात झाल्यावर हा मुद्दा फार महाग पडतो.

२५० वॅटला काय झेपतं

पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेटसारख्या सपाट रस्त्यावर ही मोटर आरामात २३-२४ चा वेग धरते. प्रश्न येतो चढाला. हिशेब सोपा आहे. ८० किलोचा माणूस, पाठीवर लॅपटॉप, २२ किलोची सायकल असं धरून १०५ किलो. शंभराला सहा चढणारा रस्ता, म्हणजे उड्डाणपुलाचा खडा भाग किंवा चांदणी चौकाकडे चढणारा टप्पा. ताशी १२ किमीने तो चढायला फक्त वजन वर नेण्यासाठी साधारण २०० वॅट लागतात, टायरच्या घर्षणाला आणखी ३०-३५. एवढं चाकाला मिळायला हवं. हब मोटर चाकाच्याच वेगाशी बांधलेली असते, खालचा गिअर टाकून तिची सुटका होत नाही. चाक हळू फिरलं की तिची कार्यक्षमता घसरते, बॅटरीतून साडेतीनशे वॅट खेचून ती दोन-सव्वादोनशेच चाकाला देते. उरलेल्याची उष्णता होते आणि ती हबमध्येच साठते.

म्हणून चढावर नुसतं थ्रॉटल पिळून बसून राहणं हा मोटर जाळायचा राजमार्ग. आतले दातेरी चक्र बहुधा नायलॉनचे असतात, तापून मऊ झाले की दाते झिजतात आणि मग मोटर पीठगिरणीसारखी घरघरते. पायडलचा खालचा गिअर टाकून पायांनी शंभर वॅट घातले की मोटरवरचा भार जवळपास निम्मा होतो. शंभर वॅट म्हणजे फार काही नाही, गप्पा मारत चालवता येईल एवढा जोर. याच कारणाने सिंगल-स्पीड मॉडेल पुण्यात घेऊ नये. बाणेर, बावधन, कात्रज, एनआयबीएमच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर विचारही करू नये. मागे सात गिअरचं, आट्यांवर बसणारं साधं फ्रीव्हील असलं की बास. ते कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतं.

पायडल मारल्याचं मोटरला कळतं ते क्रँकजवळच्या (पायडलच्या दांड्याजवळच्या) सेन्सरमुळे. या किमतीत तो केडन्स सेन्सर असतो. चुंबक बसवलेली एक प्लॅस्टिकची चकती पायडलबरोबर फिरते आणि शेजारचा सेन्सर ते फिरणं मोजतो. पाय किती जोर लावताहेत ते त्याला कळत नाही, नुसतं फिरताहेत एवढंच कळतं. परिणाम असा की पायडल मारल्यावर अर्ध्या फेऱ्यानंतर मोटर एकदम ढकलते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. सिग्नलला रिक्षाच्या मागे उभं असताना हे लक्षात ठेवा, बोटं ब्रेकवरच असू द्या. जोर मोजणारा टॉर्क सेन्सर मिळाला तर चालवण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण त्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

बॅटरी: आकड्यांमागचे सेल

५.८, ७.६५, १०.२ अँपिअर-तास असे विचित्र आकडे जाहिरातीत का दिसतात? कारण आत पेन्सिल सेलसारखे दिसणारे, पण थोडे जाडजूड, १८६५० मापाचे सेल असतात. एकामागे एक दहा जोडले की ३६ व्होल्ट होतात. अशा रांगा समांतर जोडून क्षमता वाढवतात. २.९ अँपिअर-तासाचे सेल दोन रांगांत घेतले की ५.८ होतात, २.५५ चे तीन रांगांत घेतले की ७.६५ आणि चार रांगांत १०.२. म्हणजे अनुक्रमे २०, ३० आणि ४० सेल. हा आकडा ३६ ने गुणा, वॅट-तास मिळतात: २०९, २७५, ३६७. तुलना करताना किलोमीटरचा आकडा सोडून द्या आणि वॅट-तास बघा.

पुण्याच्या थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये नुसत्या थ्रॉटलवर किलोमीटरला १० ते १४ वॅट-तास जातात. मधल्या असिस्टवर (पायडल मारताना मोटर करते ती मदत) पायडल मारत गेलात तर सात-आठ. पूर्ण बॅटरी कधीच वापरता येत नाही, नव्वद टक्के धरा. २७५ वॅट-तासांवर थ्रॉटलने १८ ते २५ किमी आणि पायडल मारत तीसेक किमी मिळतात. ब्रोशरमधला आकडा याहून मोठा दिसेल. तो हलका माणूस, सपाट रस्ता आणि सर्वांत कमी असिस्ट धरून काढलेला असतो. जाऊन-येऊन १२-१५ किमीच्या आत असेल तर २०९ पुरते. २० किमी असेल तर २७५ खाली जाऊ नका. कोथरूड ते हिंजवडीसारखं अंतर असेल तर ३६७ घ्या, नाहीतर दुसरा चार्जर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. विजेचा खर्च नगण्य आहे, २७५ च्या बॅटरीला भिंतीतून साधारण ०.३२ युनिट लागतं. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा. ती सायकलच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे घेतानाच सुट्या बॅटरीची आजची किंमत लेखी मागा. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं उत्तर आलं तर तेव्हा बघायला ते दुकानात असतीलच असं नाही.

आयुष्याचा हिशेब असा. अशा सेलचे साधारण पाचशे पूर्ण फेरे (भरून रिकामे होणं) झाले की क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. वर्षाला २५० कामाचे दिवस, रोज दोन तृतीयांश बॅटरी वापरली, तर वर्षाला १६०-१७० फेरे होतात. म्हणजे तीन वर्षं. त्यानंतर बॅटरी एकदम मरत नाही, चढावर दगा द्यायला लागते. डिस्प्लेवर दोन काड्या दिसत असतात, उड्डाणपुलाच्या मध्यावर सगळं बंद पडतं आणि पुन्हा बटण दाबलं की दोन काड्या परत. याला डिस्प्लेचा बिघाड समजून पैसे घालवू नका. म्हाताऱ्या सेलवर भार आला की व्होल्टेज क्षणात खाली बसतं आणि आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं.

आयुष्य वाढवायचं असेल तर गोष्टी थोड्याच आहेत. घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करणं टाळायचं असतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली सायकल दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते, तिथे चार्जिंग रात्रीच करावं. रोज पूर्ण भरायची गरज नाही, ऐंशी टक्क्यांवर काढली तर सेलना बरं. पण महिन्यातून एक-दोनदा मात्र चार्जरचा दिवा हिरवा होऊन पुढे तासभर राहू द्या, कारण एकामागे एक जोडलेले सेल एकमेकांच्या पातळीला आणायचं काम बहुतेक सर्किटं बॅटरी भरत आल्यावरच करतात. गावी जायचं असेल तर बॅटरी निम्मी-पाऊण भरून ठेवा. रिकामी ठेवून महिनाभर गेलात तर आतलं सर्किटच थेंब थेंब वीज खाऊन सेल धोक्याच्या पातळीखाली नेतं. मग चार्जर लावला तरी दिवा हिरवाच राहतो, म्हणजे चार्जिंग सुरूच होत नाही, आणि वॉरंटीवालेही हात वर करतात.

चार्जर कंपनीचाच वापरा. पूर्ण भरलेली ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते, म्हणून चार्जरवर ४२ व्होल्ट, २ अँपिअर असं लिहिलेलं असतं. ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो. पिन सारखी दिसली म्हणून तो लावला तर सगळी भिस्त आतल्या एका सर्किटवर उरते. चार्जिंग फरशीवर करा. गादीवर, सोफ्यावर किंवा बाहेर पडायच्या एकमेव दाराशी नको. झोपताना लावून सोडू नका. २७५ वॅट-तासांना चारेक तास पुरतात, संध्याकाळी सातला लावली तर अकराला काढता येते. पडलेली, ठेचलेली, पाण्यात बुडालेली किंवा गोडसर रसायनासारखा वास येणारी बॅटरी घरात ठेवायचीच नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, बॅटरी काढून घरात नेता येते का? तीस सेलची बॅटरी दोन किलोच्या आसपास असते, पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावर नेणं काहीच नाही. पण काही स्वस्त मॉडेलमध्ये ती फ्रेमच्या नळीत कायमची बसवलेली असते. तुमचं घर वरच्या मजल्यावर आणि पार्किंगमध्ये प्लग नसेल, तर अशी सायकल कितीही देखणी असो, घेऊ नका. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून चार्जिंग करू द्यायचं की नाही यावर होणाऱ्या सभेला उपस्थित राहण्यापेक्षा दोन किलो उचललेले परवडले.

मागचं चाक

आता मुख्य गोष्ट. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हब मोटर बघून मान हलवतो. त्याची चूक नाही, साध्या सायकलसारखं दोन नट सैल करून चाक बाहेर येत नाही. सुदैवाने साध्या पंक्चरला चाक काढायची गरजच नसते. सायकल स्टँडवर किंवा उलटी ठेवायची (उलटी करताना आधी डिस्प्लेखाली फडकं), टायरची एकच बाजू पान्याने उचकटायची, ट्यूब त्या बाजूने बाहेर ओढून पॅच मारायचा आणि परत बसवायची. हे त्याला सांगितलं की तो करतो.

ट्यूब बदलायची असेल तर मात्र चाक काढावं लागतं. आधी सायकल बंद करून बॅटरी बाहेर काढा. मोटरच्या एक्सलमधून निघणारी वायर फ्रेमला जिथे बांधली असेल तिथले प्लॅस्टिकचे पट्टे कापा, थोड्या अंतरावर गोल कनेक्टर सापडेल. तो सरळ ओढायचा, पिळायचा नाही. आत बारीक नऊ पिना असतात, पिळल्या की वाकतात आणि नंतर मोटर झटके देत चालते. चेन सर्वांत छोट्या चक्रीवर घ्या. एक्सलचे नट बहुतेक सायकलींना १८ च्या पान्याने सुटतात, काहींना त्याहून मोठा लागतो, तेव्हा विकत घेतानाच माप बघून तो पाना पिशवीत टाका. नट काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या वायसरांचा फोटो काढा. त्यात एक दाता असलेला वायसर असतो. तो दाता फ्रेमच्या खाचेत बसलाच पाहिजे. मोटर चाकाला पुढे ढकलते तेवढ्याच जोराने एक्सलला उलटं फिरवायला बघते आणि तिला अडवणारा हाच एक दाता असतो. तो विसरला किंवा नट ढिला राहिला, तर एक्सल खाचेत फिरतो, वायर पिळवटून तुटते, आतल्या तारा एकमेकींना चिकटून कंट्रोलरही (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) जातो. शंभर रुपयांच्या पंक्चरचं बिल मग चार आकड्यांत जातं.

बसवताना वायरीचं तोंड खाली येईल असं बघा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता खाली ठिबकतं. कनेक्टरवरचे बाण समोरासमोर आणून सरळ दाबा. नट चांगले जोर लावून आवळा, ३५-४० न्यूटन-मीटर एवढे. टॉर्कचा पाना नसेल तर वीतभर लांबीच्या पान्याने एका हाताचा पूर्ण जोर. वायर नव्या पट्ट्यांनी बांधायला विसरू नका, लोंबती वायर डिस्कला घासून कापली जाते.

पंक्चर मुळात कमी व्हावं म्हणून हवा. २७.५ इंची, दोन इंच रुंद टायरला मागे ४५ ते ५० पीएसआय ठेवा, टायरवर छापलेल्या मर्यादेत राहून. मोटर आणि माणूस दोघांचं वजन मागेच, त्यामुळे ३० वर आलेला टायर खड्ड्यात रिमला टेकतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. बहुतेक सायकलींना स्कूटरसारखा वॉल्व असतो, पेट्रोलपंपावर हवा भरता येते. पण तिथलं मशीन मोठ्या टायरसाठी असतं, एक-दोन सेकंदांच्या झटक्यांत भरा. टायर आणि ट्यूबच्या मध्ये प्लॅस्टिकची संरक्षक पट्टी घातली तर बाभळीचे काटे आणि काचांचा त्रास बराच घटतो.

स्पोक हे दुसरं दुखणं. मोटरचा हब मोठा, म्हणून स्पोक आखूड आणि तिरके बसतात, शिवाय मोटरचे झटके त्यांच्यावरच. नव्या सायकलचे स्पोक पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये सैल होतात. पहिल्या सर्व्हिसला लोक चेनला तेल घालून घेतात आणि हे विसरतात. सगळे स्पोक बोटांनी छेडून बघा, एकाच बाजूच्या स्पोकांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादा ‘थप्’ करत असेल तर तो सैल आहे. चाकाचा आउट (डुलणं) काढून घ्या आणि सगळे सारखे ताणून घ्या. एक स्पोक तुटलेला असताना तसंच चालवत राहिलात, तर आठवड्याभरात शेजारचे दोन जातात. मोटरच्या चाकाचे स्पोक जाड आणि वेगळ्या लांबीचे असतात, बाजारात चटकन मिळत नाहीत. घेतानाच चार-सहा जादा मागून घ्या.

मोटर बिघडली की नाही, याची घरगुती चाचणी आहे. बॅटरी काढून मागचं चाक उचलून उलट फिरवा. सरळ फिरवताना आतला क्लच मोटरला सोडून देतो, म्हणून काही कळत नाही, उलट फिरवताना मोटरही फिरते. थोडं जड पण एकसारखं लागलं तर ठीक. टप्प्याटप्प्याने अडकत फिरलं तर बहुधा कंट्रोलरचा पार्ट उडालाय किंवा वायरी चिकटल्यात. कनेक्टर सोडून पुन्हा फिरवा. आता मोकळं फिरलं तर दोष कंट्रोलरचा, तरीही अडकलं तर मोटर किंवा तिची वायर. आणि मोटर अजिबात चालूच होत नसेल तर सगळ्यात आधी ब्रेकचे दांडे दोन-चार वेळा दाबून सोडा. ब्रेक दाबला की मोटर तोडणारा स्विच तिथे असतो. धूळ-पाण्याने दांडा पूर्ण परत आला नाही तर मोटरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. अशा बऱ्याच तक्रारींना सर्व्हिस सेंटरच्या दारापर्यंत जायचं कारणच नसतं.

पाऊस

पुण्याचा पाऊस या सायकली सोसतात, साचलेलं पाणी सोसत नाहीत. चाकाचा मध्य जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर असतो. मुंबईत हिंदमातासारख्या ठिकाणी गुडघाभर पाणी असेल तर उतरून ढकलण्यातही अर्थ नाही, कारण हब बुडतोच. गरम हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि वायरीच्या तोंडातून पाणी आत ओढलं जातं. वळसा घालून जा. बुडालाच तर बॅटरी काढून सायकल दोन दिवस सुकू द्या, लगेच सुरू करून बघायचा मोह आवरा.

पावसाळ्याआधी सगळे कनेक्टर उघडून इलेक्ट्रिकच्या कामासाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावा. बॅटरीच्या खालच्या पिना कोरड्या आणि स्वच्छ हव्यात, हिरवट झाल्या तर तिथे ठिणगी उडून प्लॅस्टिक वितळतं. डिस्प्लेवर प्लॅस्टिकची पिशवी दिसायला गबाळी, पण काम करते. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप सायकलवर कधीही मारू देऊ नका. सोबत मिळणारे आखूड मडगार्ड फक्त शोभेचे असतात, पूर्ण लांबीचे बसवून घ्या, नाहीतर ऑफिसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन जाल. कोकण, मुंबई, गोव्यात खाऱ्या हवेने डिस्कचे बोल्ट आणि चेन गंजतात, तिथे चेनला तेल पंधरवड्याला नाही, आठवड्याला.

केबलचे डिस्क ब्रेक या वजनाला आणि वेगाला पुरेसे आहेत, पण पॅड साध्या सायकलपेक्षा लवकर झिजतात आणि केबल ताणते. दांडा हँडलला टेकायला लागला की आधी आतल्या बाजूच्या पॅडचा स्क्रू थोडा आत घ्या, मग केबलचा. फक्त केबलच ताणत राहिलात तर डिस्क एका बाजूला वाकून घासते. चेनला स्प्रे मारताना डिस्कवर कपडा धरा. तिथे तेलाचा शिंतोडा गेला तर ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही, पॅड बदलण्यावाचून बहुधा गत्यंतर नसतं.

कुलूप

नंबरप्लेट नाही ही सोय चोरालाही आहे. खरेदीच्या दिवशीच फ्रेम नंबर (बहुधा पायडलच्या दांड्याखाली, सायकल उलटी केली की दिसतो), मोटरचा नंबर आणि बॅटरीचा नंबर यांचे फोटो काढा आणि फ्रेम नंबर बिलावर लिहून घ्या. बिलावर नंबर नसेल तर चोरीनंतर ही सायकल तुमचीच, हे पोलिसांना पटवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

सोबत फुकट मिळणारं केबल लॉक पक्कड घेऊन आलेल्या माणसाला सेकंदांचं काम आहे. ते पुढच्या चाकाला किंवा हेल्मेटला लावा. खरं कुलूप म्हणजे १२-१३ मिमी जाडीच्या कडक पोलादाचं डी-लॉक किंवा तेवढ्याच जाडीची टणक केलेली साखळी. यापुढे हाताचा कटर चालत नाही, ग्राइंडर लागतो, आणि ग्राइंडरचा आवाज निदान वॉचमनला जागं करतो. सायकलच्या किमतीच्या सात-आठ टक्के कुलपाला द्यायला हात आखडू नका.

लावायचं कसं, तर फ्रेमचा मागचा त्रिकोण, मागचं चाक आणि जमिनीत पक्कं गाडलेलं लोखंड, तिन्ही एकाच कड्यात. सायकलीत बॅटरीखालोखाल महाग भाग म्हणजे मागचं चाक. ‘नो पार्किंग’च्या पत्र्याचा खांब वरून मोकळा असतो, सायकल उचलून बाहेर काढता येते. झाड आणि प्लॅस्टिकचा पाइप विसराच. कुलपाचं किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवा, पाणी जात नाही आणि उचकटायलाही अडचण होते. कड्यात मोकळी जागा जितकी कमी तितकी कटावणीला जागा कमी. पुढच्या चाकाचा आणि सीटचा झटपट सुटणारा दांडा काढून ॲलन-कीचा बोल्ट बसवा, नाहीतर संध्याकाळी उभ्यानेच घरी याल. बॅटरीचं फ्रेमवरचं कुलूप फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतं, म्हणून बॅटरी प्रत्येक वेळी काढून वर न्या. फोनवर ठिकाण दाखवणारा छोटा टॅग लपवायचा असेल तर सीटच्या खालच्या प्लॅस्टिकमध्ये. धातूच्या नळीत खोल टाकला तर सिग्नल कोंडतो.

कोणी घ्यावी

एका बाजूचं अंतर ४ ते १० किमी असेल, घरी बॅटरी वर नेता येत असेल आणि ऑफिसात सायकल बांधायला लोखंड असेल, तर ही सायकल स्कूटरपेक्षा सोयीची आहे. घाम येत नाही, पार्किंगचे पैसे नाहीत, खर्च बॅटरी आणि टायरपुरता. १५ किमीच्या वर, किंवा वाटेत बायपासचा सर्व्हिस रोड असेल, तर २५ चा वेग सुरक्षित वाटत नाही, तिथे नोंदणीची इलेक्ट्रिक स्कूटर बरी. डबलसीट बसवायचं असेल तर अजिबात नको, मागचे स्पोक आणि मोटर दोन्ही त्यासाठी नाहीत.

दुकानात गेल्यावर सपाट गल्लीत फेरी मारू नका. जवळचा उड्डाणपूल शोधा, मधल्या चढावर थांबा आणि तिथून पायडल मारत सुरुवात करा. मग बॅटरी बंद करून एक किलोमीटर चालवा, कारण एखाद्या दिवशी ती वाटेत संपणारच आणि २३ किलोची सायकल तुमच्याच पायांवर घरी येणार. मागच्या चाकाचा फोटो घ्या, वायरीचा कनेक्टर दिसेल असा. खरेदीआधी तो तुमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याला दाखवा आणि विचारा, ‘काका, हे कराल का?’